ज्याचं नाव, त्याच्याच हातात

मैत्रिणींनो, वडील म्हातारे होऊन, भरल्या घरातून गेले की भेटायला येणारे म्हणतात, ‘सोनं झालं हो त्यांचं!’ चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य, नातवंडं-पतवंडं बघितली, पेन्शन खाल्ली, आणखी काय हवं? ते म्हणतात त्यात खोटं काहीच नसतं. पण लेकीला विचारा. ती विशीतली असो की माझ्यासारखी पंचावन्नची, बाप गेला की तिच्या आत काहीतरी पोरकं होतंच. ‘वय झालं होतं’ हे वाक्य डोक्याला पटतं, जिवाला पटत नाही.

आमचे आप्पा जून २०२४मध्ये गेले. आप्पा पोस्टमन होते. संगमेश्वर तालुक्यात, देवरूखच्या आसपासच्या वाड्या-कोंडांवर त्यांनी उभी हयात टपाल वाटलं. सुरुवातीला ‘ई.डी.’ होते, म्हणजे खात्याचं काम करणारा पण खात्यात पक्का नसलेला, तुटपुंज्या भत्त्यावरचा माणूस. मग परीक्षा देऊन ते पक्के पोस्टमन झाले आणि २००० साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. कोकणातला आमचा भाग म्हणजे एक घर डोंगरावर, तर दुसरं पऱ्ह्याच्या पलीकडे. सायकलचा उपयोग थोडा, पायांचाच जास्त. साकवावरून जायचं, घाटी चढायची, पुन्हा उतरायचं. पावसाळ्यात टपाल मेणकापडात गुंडाळून छातीशी धरायचे आणि स्वतः भिजत यायचे. संध्याकाळी आई त्यांच्या भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल गरम करून लावायची. ते तेल आणि ओल्या खाकी कपड्यांचा वास, हाच माझ्या लहानपणी बापाचा वास होता.

आप्पा गेल्यावर पहिल्या दहा-बारा दिवसांत घरी माणसांची रीघ लागली होती. त्यात बायका किती! ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशा म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. एकीला तर नातवाने पाठीवर घेऊन घाटी उतरवली होती. ती माझा हात धरून म्हणाली, ‘बाय, माझा घो मुंबईस होता. त्याचं पत्र तुझ्या बापाने मला तीनदा वाचून दाखवलंन्. तिसऱ्या वेळेस मी म्हटलं, पुरे दादा, पाठ झालं. तर हसलान् आणि म्हणालान्, तुमचं पाठ झालं, मी मात्र आता विसरतो.’

ते ‘मी विसरतो’ ऐकलं आणि आप्पा डोळ्यांपुढे उभे राहिले. दुसऱ्याच्या पत्रातलं अक्षरही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. आई चिडायची, ‘अख्ख्या गावाच्या बातम्या तुमच्या थैलीत आणि मला त्या शेजारणीकडून कळतात!’ आप्पा म्हणायचे, ‘मी थैली वाहतो, बातम्या नाही.’

ज्यांनी तो काळ पाहिला नाही अशा मुलींसाठी थोडं सांगते. आमच्या कोकणातली बहुतेक घरं तेव्हा मनीऑर्डरवर चालत. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत. गावाकडे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. भाताची शेती पाऊसभर, तीही जेमतेम पोटापुरती. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, म्हाताऱ्याचं औषध, सगळं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. महिन्याचा पगार झाला की दोन-चार दिवसांनी पैसे यायला लागत. त्या दिवसांत प्रत्येक वाडीच्या तोंडाशी बायका आप्पांची वाट बघत उभ्या असायच्या. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठोरं असायचं, त्यावर चार ओळींचा मजकूर लिहायची सोय होती. पैशांइतकीच त्या चार ओळींचीही वाट पाहिली जायची. ‘तब्येत बरी आहे. शिमग्याला येतो. म्हशीची काळजी घ्यावी.’ बायकोची काळजी घ्यावी असं कुणी लिहीत नसे, पण वाचणारीला म्हशीत स्वतःचं नाव दिसायचं!

आप्पांचा एक नियम होता. ज्याच्या नावाची मनीऑर्डर, त्याच्याच हातात. खात्याचा नियमही तोच, पण नियम पुस्तकात असतो आणि अंगणात सासरा उभा असतो. पैसे सुनेच्या नावावर आले तरी हात सासऱ्याचा पुढे यायचा. आप्पा खळ्यात पाय ठेवून शांतपणे म्हणायचे, ‘आबा, नाव सुनबाईचं आहे. तिला बोलवा.’ मग ती ओल्या हातांनी बाहेर यायची, पदराला हात पुसायची, अंगठा उठवायची. साक्षीदाराची सही व्हायची आणि आप्पा तिच्या तळहातावर एकेक नोट मोजून ठेवायचे. मोठ्याने मोजायचे. किती आले ते तिलाही कळावं आणि ऐकणाऱ्यांनाही कळावं म्हणून. पुढे घरात गेल्यावर ते पैसे कुणाच्या कनवटीला लागत ते आप्पांच्या हातात नव्हतं. पण निदान एकदा तरी ते तिच्या हातात पडलेले असत.

आप्पांच्या दिवसकार्याला आलेल्या एका काकींनी सांगितलं, ‘माझ्या हाताला पैशाचा पहिला स्पर्श तुझ्या बापाने घडवलान्. तोवर मला दहाची नोट आणि शंभराची नोट सारखीच.’

आणि मग तो संप आला. १८ जानेवारी १९८२. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गिरणी कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं, पण संप मी पाहिला. तो मी आप्पांच्या थैलीत पाहिला. पहिले दोन महिने मनीऑर्डरी थोड्या कमी झाल्या, मग अर्ध्यावर आल्या, मग पंचवीस-तीस घरांच्या वाडीत एखाद-दुसरी. शिमगा गेला, गणपती आले. एरवी मुंबईकरांनी गजबजणारी घरं त्या वर्षी वेगळीच गजबजली, कारण आलेली माणसं परत जाईनात. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला. हजारो लोकांची नोकरी गेली ती गेलीच.

त्या दिवसांत आप्पा उशिरा घरी यायला लागले. टपाल तर कमी झालं होतं, मग उशीर का? एकदा आईने विचारलंच. आप्पा म्हणाले, ‘ज्यांचं काही नाही आलं त्यांच्याकडे थांबावं लागतं. बाई दारात उभी असते. मी तसाच मान खाली घालून पुढे गेलो तर ती दिवसभर म्हणेल, पोस्टमन विसरला असेल, उद्या देईल. म्हणून प्रत्येकीच्या दारात जातो आणि तोंडाने सांगतो, आज नाही वहिनी. न आलेलं टपालसुद्धा पोचवावं लागतं.’

मला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं. आज आपण दिवसभर मोबाइलवर ‘आला का मेसेज’ बघत असतो, तेव्हा ते वाक्य आठवतं. कुणीतरी दारात येऊन ‘आज नाही’ एवढं तरी सांगावं, असं आपल्यालाही किती वेळा वाटतं!

तारेचं तर काही विचारू नका. त्या काळी तार म्हटली की पोटात गोळा. दहा तारांतल्या एक-दोन नोकरीच्या नाहीतर बाळंतपणाच्या, बाकी सगळ्या मयताच्या. आप्पा तार कधी अंगणात उभ्याउभ्या देत नसत. आधी घरात जायचे, पाणी मागायचे, ‘बसा जरा’ म्हणून तिला बसवायचे, शेजारणीला हाक मारायचे आणि मगच कागद काढायचे. पाणी ते सगळ्या वाड्यांत प्यायचे. बौद्धवाडीत, मुसलमान मोहल्ल्यात, गुरववाडीत. आमच्या आजीला ते खपायचं नाही. आप्पा म्हणायचे, ‘आई, पोस्टमनला वाडी नसते. पत्ता असतो.’ जुलै २०१३मध्ये सरकारने तार बंद केली ती बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसून होते. मग एवढंच म्हणाले, ‘बरं झालं. फार रडवलंन् तिने मला.’

आता माझ्याबद्दल थोडं. माझं लग्न १९९१मध्ये झालं, सासर कराडचं. संगमेश्वरहून चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कराड. आज ते अंतर काही वाटत नाही, पण तेव्हा घरात फोन नव्हता आणि माहेर म्हणजे दिवसभराची एस.टी. पाठवणीच्या वेळी आईने ओटीत नारळ-तांदूळ घातले. आप्पांनी एक पुडकं हातात दिलं. मला वाटलं पैसे. पाहते तर पोस्टकार्डं! पंधरा पैशांची शंभर कार्डं, प्रत्येकावर त्यांच्या वळणदार अक्षरात आमच्या घरचा पत्ता आधीच लिहिलेला, अगदी पिनकोडसकट. पिनकोडचं त्यांना भारी कौतुक. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतचे पंडित, हे आम्हा भावंडांना त्यांनी पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं.

मी हसले. म्हटलं, ‘आप्पा, कराडला काय कार्डं मिळत नाहीत?’ ते म्हणाले, ‘मिळतात. पण नव्या सुनेला पंधरा पैसे मागावे लागतात, आणि कशाला हवेत ते सांगावं लागतं. तुला मागायला लागू नयेत. आणि कधी लिहवलं नाही तर कोरंच टाक पेटीत. मला कळेल.’

शंभरांतलं एकच कार्ड मी कोरं टाकलं. १९९३ साली. सातव्या महिन्यात माझं पहिलं बाळ गेलं. सासरी वाईट कुणीच नव्हतं. सगळे जपत होते, पण बाळाबद्दल कुणी बोलत नव्हतं. जणू काही झालंच नाही, आणि मीही काही झालं नाही असंच वागावं, अशी सगळ्यांची समजूत. मी कार्ड घेऊन बसले, ‘ती. आप्पांस’ एवढंही लिहवेना. तसंच पेटीत टाकलं. चौथ्या दिवशी दुपारी आप्पा दारात. हातात पिशवी, पिशवीत आमसुलं आणि फणसाची साठं. सासूबाईंनी चहा केला. आप्पांनी तो सावकाश पिऊन सासऱ्यांना म्हटलं, ‘पंधरा दिवस नेतो लेकीला. तिची आई वाट बघते.’ मला एका शब्दाने विचारलं नाही. घाटात एस.टी.च्या खिडकीशी मी रडायला लागले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘रड. त्याचं नाव काय ठेवणार होतीस?’ माझ्या बाळाचं नाव विचारणारा तो एकटा माणूस. कुणाचं नाव पुसलं जाऊ नये, ही त्यांची सवयच होती म्हणा ना.

आप्पांची शेवटची दोन वर्षं अंथरुणातली. २०२२मध्ये घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मोकळं चालणं गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर डोंगर तुडवले त्याला ओटीवरून न्हाणीपर्यंत दोघांचा आधार लागायचा. मी आणि धाकटी बहीण आलटून-पालटून जायचो, पण आम्ही पाहुण्याच. रोजचं सगळं केलं ते माझ्या वहिनीने. कपडे बदलणं, कूस वळवणं, भात मऊ करून भरवणं. आप्पांना संकोच वाटायचा. ती म्हणायची, ‘आप्पा, मी तुमची सून नाही, ड्युटीवरची नर्स आहे असं समजा.’ असं म्हणून दोघंही हसायची. हे मी मुद्दाम लिहितेय. आप्पांच्या आठवणी माझ्या आहेत, पण त्यांची शेवटची दोन वर्षं वहिनीच्या हातची आहेत.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

तेराव्याचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी एक टाइप केलेला कागद काढला. तालुक्याहून करून आणला होता. म्हणाले, ‘पोरींनो, तुम्ही दोघी आहातच तर सह्या करून टाका. परत परत येणं होत नाही. हक्कसोडपत्र आहे. रीतच आहे ती. बहिणी भावाला सोडून देतात, म्हणजे माहेर राहतं.’

बायांनो, हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल! चौदाव्या दिवशी, डोळे सुजलेले असताना, ‘माहेर राहतं’ म्हटलं की कुठली लेक नाही म्हणेल? दादा खाली मान घालून बसला होता. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात आई म्हणाली, ‘कागद इकडे आणा.’

आईबद्दल सांगायचं राहिलं. आई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. आप्पा दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना पत्रं वाचून दाखवायचे आणि घरी बायकोचा अंगठा! त्यांना ते लागलं. रात्री कंदिलाशी बसून त्यांनी तिला शिकवलं. पुस्तक नव्हतं, म्हणून मनीऑर्डरच्या फाटक्या, वाया गेलेल्या फॉर्मवर. त्यामुळे आईने आयुष्यात वाचलेले पहिले शब्द ‘ग म भ न’ नव्हेत, ‘रक्कम’, ‘अक्षरी’ आणि ‘पाठवणाऱ्याचे नाव’! आणि एक वाक्य त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं, ‘वाचल्याशिवाय सही नाही. वाचून दाखवणारा मी असलो तरी नाही.’

आईने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पाऊण तास! मधेच कुणीतरी चहा आणला, तो निवला. काका दोनदा म्हणाले, ‘वहिनी, मी सांगतो ना काय आहे ते.’ तिने मानही वर केली नाही. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, ‘ह्यात सोडणाऱ्यांत माझंही नाव आहे. मी काय सोडतेय?’

‘वहिनी, तुम्हाला कोण घराबाहेर काढतंय? ते नुसतं नावापुरतं आहे.’

‘नावापुरतंच असेल तर राहू दे की माझं नाव,’ आई म्हणाली. ‘त्यांनी कधी कुणाच्या नावाचं दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. आता त्यांच्याच घरात द्यायचं?’

सगळं गप्प झालं. मग दादाच बोलला, ‘आई, मला हा कागद नकोच होता. काका म्हणाले, असं करतात, म्हणून मी गप्प बसलो.’ त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ वाईट नव्हता, काकाही वाईट नव्हते. रीत म्हणून आणलेला कागद होता, आणि तो आजवर कुणी वाचला नव्हता एवढंच.

मग आम्ही नीट माहिती काढली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. आप्पांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. राहतं घर त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेलं. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे आणि अशा स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगा आणि मुलगी यांचा त्या कायद्याने सारखा वाटा असतो. म्हणजे आई, दादा आणि आम्ही दोघी, चार सारखे भाग. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. जमीन मात्र वडिलोपार्जित. तिथे गंमत बघा. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला तो १९९४मध्ये, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. माझं लग्न १९९१चं, धाकटीचं १९९६चं. एकाच आईच्या पोटच्या दोघी, तिला हक्क आणि मला नाही! ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या कायद्याने हा फरक गेला आणि सगळ्या मुलींना जन्मानेच मुलाइतका हक्क मिळाला. पुढे ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की, २००५मध्ये त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही.

हक्कसोडपत्र हा काही वाईट कागद नाही. समजून-उमजून, राजीखुशीने बहिणीने भावाला हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण ते दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड. म्हणून तो कागद चौदाव्या दिवशी करायचा नसतो. आधी वारसनोंद करायची. मृत्यूचा दाखला घेऊन सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लावून घ्यायची. नावं लागली म्हणजे वाटणी झाली असं नव्हे, नुसतं कोण कोण आहे एवढं कागदावर येतं. दादा स्वतः अर्ज घेऊन गेला. आज आमच्या सातबाऱ्यावर चार नावं आहेत आणि माहेर जागच्या जागी आहे. गणपतीला आम्ही दोघी गेलो, वहिनीने नेहमीसारखी उकडीच्या मोदकांची पहिली खेप आमच्या पानात वाढली. काही तुटलं नाही.

आईच्या पेन्शनचं काम मात्र आप्पांनी आधीच सोपं करून ठेवलं होतं. दोघांचं खातं जोडीचं. कपाटात एक खाकी पिशवी, तिच्यात कागदांचे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. टपाल लावल्यासारखे! एकावर ‘घराचे’, एकावर ‘दवाखान्याचे’, आणि सगळ्यात वरच्यावर ‘हिचे’. त्या ‘हिचे’मध्ये पेन्शनचा आदेश, आईचं आधार, लग्नाच्या वेळचा फोटो, बँकेचं पुस्तक. फक्त पेन्शनच्या कागदावर आईचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, तेवढ्यापायी चार खेपा झाल्या. तुम्ही आजच आपल्या आईची, सासूची आणि स्वतःचीही कागदपत्रं शेजारी ठेवून नावं ताडून बघा.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा होता. हल्ली ते काम पोस्टमन घरी येऊन मोबाइलवर करतो. आमच्याकडे आली ती पंचविशीतली मुलगी! स्कूटीवरून, पाठीला सॅक, डोक्याला हेल्मेट. तिने आईचा अंगठा छोट्या यंत्रावर ठेवायला सांगितला तर आई म्हणाली, ‘अंगठा कशाला? मला सही येते.’ मुलगी हसली, ‘आज्जी, मशीनला सही कळत नाही हो.’ मग आईने अंगठा टेकवला, तिला पाणी आणि गुळाचा खडा दिला आणि वाडीतल्या कुणाकुणाचं टपाल असतं म्हणून चौकशी केली. मुलगी सांगायला लागली तशी आई म्हणाली, ‘नको, नको सांगू. पोस्टमनने सांगायचं नसतं.’

गेल्या महिन्यात आईने आणखी एक काम केलं. स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. साधा कागद चालतो त्याला, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही अशांनाच घ्यावं. नोंदणी सक्तीची नाही, पण आईने तीही करून घेतली. आपला चौथा हिस्सा तिने वहिनीच्या नावे लिहिलाय. आम्हाला तिघांना समोर बसवून म्हणाली, ‘तुम्ही त्यांची पोरं, तुमची नावं कायद्यानेच लागली. हिने दोन वर्षं त्यांचं हगणं-मुतणं काढलं, हिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. माझं नाव राहिलं म्हणून मला हे देता आलं. सही केली असती त्या दिवशी, तर काय दिलं असतं हिला? आशीर्वाद?’

वहिनी पदराने तोंड झाकून आत गेली. आणि माझ्या मनात आलं, आप्पा, तुमच्या थैलीतलं शेवटचं टपाल आज योग्य पत्त्यावर पडलं.

मैत्रिणींनो, वडिलांच्या आठवणीत रडायला येतं तेव्हा खुशाल रडा. पण एखाद्या रविवारी आईशेजारी बसून घरातले कागदही वाचा. तिला अक्षर येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, दोनदा, तीनदा. आणि तिचं नाव जिथे आहे तिथे तिचं बोट ठेवून तिला दाखवा.